जोडणी होते, पान येत नाही : आयपीव्ही६ कडे जाताना अडलेलं एक प्रकरण

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या संस्थेचं आहे. एक मुख्य आवार, तिथून लांब असलेली एक छोटी शाखा, काही हजार उपकरणं, नेटवर्क सांभाळणारी मोजकी माणसं आणि सॉफ्टवेअरचा वेगळा विभाग. मी या कामात बाहेरून मदतीला होतो. इंटरनेटवरच्या यंत्रांना पत्ते देणारा जुना प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसात बोलायचे नियम, तो आयपीव्ही४. आयपीव्ही६ ही त्याची नवी, खूप लांब पत्त्यांची आवृत्ती. आयपीव्ही६ सुरू करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांना धास्ती होती ती नव्या प्रोटोकॉलची. प्रत्यक्षात जे जे अडलं, ते बहुतेक सगळं जुन्या नेटवर्कमधून जशाच्या तशा उचलून आणलेल्या सवयींमुळे. त्यातला एक बिघाड तर असा होता की त्यावर लोकांनी शोधलेला उपाय बिघाड गेल्यावरही मागे उरला.

गरज कुठून आली

आयपीव्ही४ चे पत्ते संपले हे सगळ्यांना माहीत असलेलं कारण. ३२ बिटांचा पत्ता म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते, त्यातलेही बरेच राखीव. पत्त्यांचं जागतिक वाटप बघणाऱ्या आयानाने शिल्लक राहिलेले शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना वाटून टाकले, आणि युरोपचा कारभार बघणाऱ्या राइप एनसीसीकडचा साठा २५ नोव्हेंबर २०१९ रोजी संपला. पण या संस्थेला त्याची झळ लागलेलीच नव्हती. आत १०.०.०.० चा खासगी पट्टा, बाहेर पडताना नॅट, म्हणजे आतल्या पत्त्याच्या जागी बाहेरचा सामाईक पत्ता लावणारी सोय. त्या एका पट्ट्यात १ कोटी ६७ लाखांहून जास्त पत्ते असतात. काही हजार उपकरणांना ते जन्मभर पुरले असते.

झळ लागली ती दुसरी एक संस्था हिच्यात विलीन झाली तेव्हा. तिनेही आत १०.० चाच पट्टा घेतला होता आणि तिनेही सुरुवात १०.१ पासूनच केली होती. (सगळेच एकपासून मोजतात. १०.१८७ पासून सुरुवात करणारा नेटवर्कवाला अजून माझ्या पाहण्यात नाही.) इकडचा हिशेबाचा सर्व्हर आणि तिकडचा एक प्रिंटर, दोघांचा पत्ता तोच. मग दोन नेटवर्कच्या मध्ये दुहेरी नॅट बसवलं गेलं : इकडच्याला तिकडे एक खोटा पत्ता, तिकडच्याला इकडे दुसरा. काम चालू झालं, पण लॉगमध्ये दिसणारा पत्ता नेमका कोणाचा हे सांगणं मुश्कील झालं. कुठल्या तक्ता-फाइलीत बघायचं हे ठाऊक असलेला एकच माणूस, आणि तो रजेवर गेला की शोध थांबायचा.

एका बाजूचे सगळे पत्ते बदलायचे, हा एक मार्ग होता. पण तेवढीच मेहनत करायची तर ती आयपीव्ही६ साठी का करू नये, असा विचार झाला, आणि माझ्या मते तो बरोबर होता. १२८ बिटांचा पत्ता घेतला की प्रत्येक संस्थेचा पट्टा जगात एकमेव असतो, मग विलीनीकरणं कितीही होवोत.

बैठकीत वरिष्ठांकडून अपेक्षित प्रश्न आला : ‘एखाद्या शनिवार-रविवारी उरकून टाकता येणार नाही का?’ असं एकदा झालेलं आहे. इंटरनेटचं पूर्वज जाळं असलेल्या अर्पानेटने १ जानेवारी १९८३ रोजी एनसीपी हा जुना प्रोटोकॉल सोडून आजचं टीसीपी/आयपी स्वीकारलं ते ठरवून, एका तारखेला. पण तेव्हा जाळ्यावर काहीशे यंत्रं होती, सगळ्यांवर हुकूम चालवू शकणारी एकच यंत्रणा होती, आणि जॉन पोस्टेल यांनी बदलाचा आराखडा नोव्हेंबर १९८१ मध्येच मांडला होता. म्हणजे त्या एका दिवसामागेही वर्षभराहून जास्त तयारी होती. आज अशी तारीख ठरवणारं कोणी नाही. शिवाय आयपीव्ही६ हे आयपीव्ही४ शी थेट बोलतच नाही. फक्त एकच भाषा येणाऱ्या दोन यंत्रांच्या मध्ये दुभाषा लागतो. आयपीव्ही६ चं पहिलं प्रमाण डिसेंबर १९९५ चं, सुधारित आरएफसी २४६० (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रमाणांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) डिसेंबर १९९८ चं, आणि सध्याचं आरएफसी ८२०० जुलै २०१७ चं. एवढा काळ लोटूनही गुगलकडे येणाऱ्या वापरकर्त्यांत आयपीव्ही६ वाले साधारण निम्मे आहेत. तेव्हा दोन्ही प्रोटोकॉल शेजारी शेजारी चालवायचे, म्हणजे ड्युअल स्टॅक, हेच ठरलं.

काटकसरीची आखणी

संस्थेने स्वतःच्या नावावर /४८ चा पट्टा घेतला. (रेघेपुढचा आकडा म्हणजे पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट ठरलेले आहेत; आकडा लहान तेवढा पट्टा मोठा.) पुरवठादार बदलला तरी पत्ते बदलावे लागू नयेत, हा हेतू. /४८ मध्ये /६४ ची ६५,५३६ उपजाळी बसतात.

पहिला आराखडा ज्याने केला त्याची सगळी कारकीर्द पत्ते वाचवण्यात गेली होती. त्याने प्रत्येक मजल्याला /१२० दिला, म्हणजे २५६ पत्ते. ‘एका मजल्यावर दोनशे माणसं बसत नाहीत, /६४ कशाला उधळायचा?’ हा त्याचा सवाल. प्रामाणिक सवाल होता. पण उपकरण स्वतःच स्वतःचा पत्ता बनवतं ती पद्धत, म्हणजे स्लॅक, पत्त्याचा मागचा ६४ बिटांचा भाग आपल्याकडे आहे असं धरून चालते. /१२० वर ती चालत नाही. मग डीएचसीपीव्ही६ ने, म्हणजे एका सर्व्हरकडून, पत्ते वाटू, असं ठरायला लागलं, तर अँड्रॉइड आडवा आला : त्याने वर्षानुवर्षं पत्ता घेण्यासाठी डीएचसीपीव्ही६ वापरायला नकारच दिलेला आहे. म्हणजे निम्मे फोन बाहेर.

आराखडा पुन्हा बसवला गेला. आयपीव्ही६ चा पत्ता प्रत्येकी चार अंकांच्या आठ गटांत लिहितात. पहिले तीन गट संस्थेचे ठरलेले, चौथा आखणीसाठी मोकळा. त्यातला पहिला अंक इमारत, दुसरा वापराचा प्रकार (कार्यालय, वाय-फाय, सर्व्हर, कॅमेरे), उरलेले दोन क्रमांकासाठी. पत्त्याकडे नुसतं बघून यंत्र कुठे आहे ते कळावं, ही मूळ सोय. दोन राउटरांमधल्या, म्हणजे वाट दाखवणाऱ्या यंत्रांमधल्या, दुव्यांना मात्र /१२७ दिला गेला, तिथे काटकसर चालते. हा ‘इमारत आणि वापर’ क्रम लक्षात ठेवा, पुढे तो एका भलत्याच ठिकाणी निघणार आहे.

नॅट गेलं की आतलं सगळं उघडं पडेल, ही शंका निघालीच. आत येणाऱ्या जोडण्या अडवण्याचं काम फायरवॉल करतो, नॅट नव्हे. मागणीशिवाय आलेलं काहीही आत सोडायचं नाही हा नियम आयपीव्ही६ मध्येही तसाच लिहिता येतो. या मुद्द्यावर फार वेळ गेला नाही. खरं तर जायला हवा होता तो फायरवॉलच्या दुसऱ्या एका नियमावर.

शाखेतली तक्रार

मुख्य आवारात आयपीव्ही६ सुरू झालं आणि कोणाला कळलंही नाही. मग शाखेत सुरू केलं. दुसऱ्या दिवसापासून तक्रारी यायला लागल्या, आणि त्यांत काही केल्या संगती लागेना.

काही संकेतस्थळं उघडत होती, काही नुसती फिरत राहत होती. जगातल्या सगळ्यात मोठ्या सेवांपैकी काही झटकन उघडायच्या. कोणी नाव न ऐकलेली जुनाट संकेतस्थळंही उघडायची. मधली अडायची : बँका, बातम्या, सॉफ्टवेअरची पानं. त्यातली काही अर्ध्या-पाऊण मिनिटाने का होईना पण यायची. पिंग, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतं का हे बघणारा छोटा चाचणी-संदेश, सगळीकडे जात होतं. देखरेखीचा फलक पूर्ण हिरवा होता.

शाखेतल्या मदत-कक्षात एक हुशार मुलगा होता. त्याने तोडगा शोधला आणि फोनवर कळवला : ‘सर, लॅपटॉपवर आयपीव्ही६ ची टिक काढली की सगळं चालतंय.’ चालत होतंच. दुपारपर्यंत ही युक्ती शाखाभर पसरली, संध्याकाळी ती मुख्य आवारातही पोहोचली, जिथे काही बिघडलेलंच नव्हतं. तक्रारी ओसरल्या. एक-दोघांनी सुचवलं की प्रश्न सुटला आहे तर आता पुढच्या कामाला लागू या.

इथे नेटवर्क प्रमुख बाई अडून बसल्या. तक्रार थांबली म्हणजे बिघाड गेला असं नाही, कारण कळल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं त्यांनी बजावलं. एका लॅपटॉपवर ती टिक तशीच ठेवून त्यांनी पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे माहितीचे छोटे गठ्ठे, पकडायला सुरुवात केली.

पॅकेटांमध्ये काय दिसलं

अडणाऱ्या एका संकेतस्थळाची जोडणी घेतली. पहिली तीन पॅकेटं, म्हणजे टीसीपी या जोडणी बांधणाऱ्या प्रोटोकॉलची ओळखपरेड, आयपीव्ही६ वरून व्यवस्थित झाली. मग लॅपटॉपने सुरक्षित जोडणीची विनंती पाठवली. तिची पोच आली. त्यानंतर सर्व्हरने आपलं प्रमाणपत्र पाठवायला हवं. प्रमाणपत्रांची साखळी सहसा एका पॅकेटात मावत नाही, तिचे तीन-चार तुकडे होतात. पकडलेल्या यादीत पहिले तुकडे नव्हतेच. आला होता तो फक्त शेवटचा, लहानसा उरलेला तुकडा. लॅपटॉप पुन्हा पुन्हा सांगत होता की शेपूट मिळालं, आधीचं पाठव. सर्व्हर पुन्हा पाठवत असणार, पण ते पोहोचत नव्हतं.

डोकं नाही आणि शेपूट आहे, हे दिसलं की अनुभवी माणसाला पुढचं फारसं शोधावं लागत नाही. लहान पॅकेट पोहोचतं, मोठं वाटेत गडप होतं. आकाराचा प्रश्न.

नेमका आकार काढायला बाहेरच्या एका सर्व्हरवरून शाखेतल्या लॅपटॉपला वेगवेगळ्या मापाचे पिंग मारले. १४३२ बाइटांचा मजकूर असलेलं पिंग जाऊन परत आलं. १४३३ चं गेलं ते गेलंच. आयपीव्ही६ चं शीर्षक ४० बाइट, आयसीएमपीव्ही६ चं (पिंग आणि नेटवर्कचे आपसातले निरोप ज्यातून जातात तो प्रोटोकॉल) ८, त्यात १४३२ मिळवले की १४८०. म्हणजे वाटेत कुठेतरी १४८० चं दार आहे, आणि बाकी सगळं जग १५०० धरून चाललं आहे. देखरेखीचं पिंग होतं छोटं, म्हणून फलक हिरवा.

१४८० हा आकडा ऐकताच उत्तर सगळ्यांनाच सुचलं. शाखेला जोडणारी भाड्याची सेवा फक्त आयपीव्ही४ वाहून नेत होती. म्हणून आयपीव्ही६ चं प्रत्येक पॅकेट आयपीव्ही४ च्या पाकिटात घालून बोगद्यातून पाठवलं जात होतं, आणि त्या पाकिटाचं शीर्षक २० बाइट खातं. १५०० वजा २०. आयपीव्ही४ ला मात्र त्या वाटेवर बोगदा लागतच नव्हता, ते पूर्ण मापात जात होतं. टिक काढल्यावर सगळं चालायचं ते यामुळे.

पण बोगदा असणं हा काही बिघाड नव्हे. अशी अरुंद वाट जगात हजारो ठिकाणी आहे आणि तिची सोय प्रोटोकॉलमध्येच केलेली आहे. आयपीव्ही४ मध्ये पाठवणाऱ्याने मनाई केली नसेल तर वाटेतला राउटर मोठ्या पॅकेटाचे तुकडे करू शकतो. आयपीव्ही६ मध्ये राउटरकडून तो अधिकार काढून घेतला आहे. तुकडे करायचे तर पाठवणाऱ्यानेच. राउटरने एवढंच करायचं की मोठं पॅकेट टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीव्ही६ चा प्रकार २ हा निरोप धाडायचा : पॅकेट फार मोठं आहे, या वाटेवर १४८० पर्यंतच चालतं. निरोप मिळाला की पाठवणारा माप कमी करतो आणि वापरणाऱ्याला काही जाणवतही नाही.

मुख्य आवारातला राउटर, बोगद्याच्या तोंडाशी बसलेला, हा निरोप इमाने-इतबारे पाठवत होता. त्याच्या मोजणीत हजारो निरोप दिसत होते. बाहेरच्या सर्व्हरांना त्यातला एकही मिळत नव्हता, कारण राउटर आणि बाहेरचं जग यांच्या मध्ये फायरवॉल होता.

एक जुना नियम

फायरवॉलवर आयपीव्ही४ साठी पूर्वीपासून एक नियम होता : पिंग सोडून बाकी सगळं आयसीएमपी नाकारा. कधीतरी एका सुरक्षा तपासणीनंतर तो घातला गेला होता, आणि लॉग भरून वाहतो म्हणून त्याची नोंद ठेवणं बंद केलेलं होतं. आयपीव्ही६ चे नियम लिहिताना जुनी यादी समोर ठेवून ओळीला ओळ लिहिली गेली. शेजाऱ्याचा शोध घेणारे निरोप, म्हणजे प्रकार १३५ आणि १३६, तेवढे सोडले होते, कारण त्यांच्यावाचून फायरवॉलचं स्वतःचंच आयपीव्ही६ सुरू होईना. बाकीचे गेले नकाराच्या ओळीत. आणि तिथली नोंद बंद, म्हणून काय टाकलं जातंय ते कुठेच दिसत नव्हतं.

खरं सांगायचं तर हा नियम आयपीव्ही४ मध्येही चुकीचाच होता. तिथेही वाटेचं माप शोधणं याच निरोपांवर चालतं. पण तिथे वर्षानुवर्षं राउटरवर टीसीपीचं माप परस्पर कमी करून टाकायची युक्ती सर्रास वापरली जाते, त्यामुळे नियमाचा दोष झाकला जातो. आयपीव्ही६ च्या बाबतीत कुठले निरोप अडवू नयेत याचं स्पष्ट मार्गदर्शन आरएफसी ४८९० मध्ये २००७ पासून आहे. ते कोणी वाचलं नव्हतं, कारण ‘आयसीएमपीचं काय करायचं ते आम्हाला माहीत आहे’.

आता आधीच्या कोड्याचा उलगडा होतो. जुनाट संकेतस्थळं उघडत होती कारण त्यांच्याकडे आयपीव्ही६ नव्हतंच. जोडणी आयपीव्ही४ वरून व्हायची. अगदी मोठ्या सेवांपैकी काही क्विक हा टीसीपीला पर्यायी प्रोटोकॉल वापरतात, ज्याची पॅकेटं बऱ्यापैकी लहान असतात, किंवा असल्या अरुंद वाटांचा अनुभव असल्याने त्या आधीच माप कमी ठेवतात. उशिरा उघडणाऱ्या पानांचे सर्व्हर बहुधा उत्तर येत नाही म्हणून स्वतःहून लहान पॅकेट करून बघणारे होते. आयपीव्ही६ चालू केलेलं, पण पूर्ण मापाची पॅकेटं पाठवणारं आणि निरोपाची वाट बघणारं, म्हणजे प्रमाणाप्रमाणे चोख वागणारं संकेतस्थळ, तेच अडत होतं.

ब्राउझरांनी यात भर घातली. दोन्ही पत्ते मिळाले तर आधुनिक ब्राउझर आयपीव्ही६ ला थोडी आघाडी देतात आणि तेवढ्यात जोडणी झाली नाही तर आयपीव्ही४ वरूनही प्रयत्न सुरू करतात. या पद्धतीचं नाव हॅपी आयबॉल्स. आरएफसी ८३०५ मध्ये दोन प्रयत्नांमधलं सुचवलेलं अंतर २५० मिलिसेकंद आहे. आयपीव्ही६ पूर्ण बंद पडलं असतं तर या शर्यतीने शाखेला अलगद वाचवलं असतं. पण शर्यत फक्त जोडणीची असते. जोडणीची पॅकेटं लहान, ती आरामात पोहोचत होती, आयपीव्ही६ जिंकत होतं आणि ब्राउझर निश्चिंत होत होता. पुढचं अडलं ते निकाल लागल्यानंतर.

दुरुस्ती करताना बाईंनी एक शिस्त पाळली जी मला फार आवडली. आधी फक्त प्रकार २ चा निरोप सोडला आणि बाकी कशालाही हात न लावता तपासलं. पानं लगेच उघडली. मगच प्रकार १, ३ आणि ४ हेही सोडले. सगळं एकदम बदललं असतं तर कशाने बरं झालं ते कळलंच नसतं.

बोगद्यावर टीसीपीचं माप १४२० ला बांधून टाकावं, अशी सूचनाही आली होती. तो उपाय फक्त टीसीपीला लागू पडतो, क्विकसारख्या यूडीपीवर चालणाऱ्या गोष्टींना त्याचा उपयोग नाही. त्याऐवजी शाखेच्या राउटरने आपल्या घोषणेतच १४८० हे माप जाहीर करावं, असं ठरलं. आयपीव्ही६ च्या राउटर-घोषणेत ती सोय आहेच. शाखेतली उपकरणं मग स्वतःच कमी माप धरून चालतात आणि समोरच्यालाही तसंच सांगतात. निरोप मोकळे आणि माप जाहीर, असा दुहेरी बंदोबस्त.

देखरेखही बदलली. प्रत्येक महत्त्वाच्या सेवेची तपासणी आयपीव्ही४ वरून वेगळी, आयपीव्ही६ वरून वेगळी, आणि ती पिंगने नव्हे तर पूर्ण पान उतरवून, शाखेतूनच.

पंधरा अक्षरं

यानंतरची गडबड सॉफ्टवेअर विभागाकडची. अंतर्गत कामांसाठीच्या एका प्रणालीत पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की तो पत्ता काही काळ बंद व्हायचा. आयपीव्ही६ आल्यावर असं व्हायला लागलं की एकाने पासवर्ड चुकवला की त्या इमारतीतल्या कार्यालयाचं अख्खं काम थांबायचं. वाय-फायवरचे लोक मात्र त्याच इमारतीत बसून आरामात काम करायचे.

डेटाबेसमध्ये पत्त्याचा रकाना पंधरा अक्षरांचा होता. आयपीव्ही४ चा लांबात लांब पत्ता, २५५.२५५.२५५.२५५, बरोबर पंधरा अक्षरांत मावतो. आयपीव्ही६ चा पूर्ण लिहिलेला पत्ता ३९ अक्षरांचा. डेटाबेस तक्रार न करता पहिली पंधरा ठेवायचा आणि बाकीची कापायचा. संस्थेच्या पट्ट्याची लांबी अशी होती की पहिल्या पंधरा अक्षरांत संस्थेचा भाग आणि त्यापुढचे नेमके दोन अंक यायचे : इमारत आणि वापर. एवढ्या विचाराने केलेल्या आखणीचा पहिला उपयोग हा असा झाला. एका इमारतीतलं सगळं कार्यालय प्रणालीच्या लेखी एकच यंत्र होतं.

रकाना मोठा करणं सोपं होतं, पण तेवढ्याने भागत नाही. एकच आयपीव्ही६ पत्ता अनेक तऱ्हांनी लिहिता येतो : शून्यं गाळून, न गाळता, मोठ्या लिपीत, लहान लिपीत. आरएफसी ५९५२ ने २०१० मध्ये एकच प्रमाण रूप सुचवलं, तरी मजकूर म्हणून साठवलेल्या पत्त्यांची तुलना हा धोका उरतोच. डेटाबेसचा पत्त्यांसाठीचा खास प्रकार वापरावा किंवा सरळ १६ बाइट साठवावेत. त्याहून मोठी अडचण अशी की उपकरणं गोपनीयतेसाठी तात्पुरते पत्ते घेतात आणि ते साधारण रोज बदलतात. ‘एक पत्ता म्हणजे एक माणूस’ हे गृहीतच कोसळतं. शेवटी बंदी पत्त्यावरून काढून खात्यावर आणली. खरं तर नॅटच्या काळातही तेच बरोबर होतं. तेव्हाही एका पत्त्यामागे शेकडो माणसं असायचीच.

टिक काढलेले लॅपटॉप

पुढच्या टप्प्यात दोन्ही जुन्या नेटवर्कांना सामाईक असा एक नवा अंतर्गत सर्व्हर फक्त आयपीव्ही६ वर ठेवला. दुहेरी नॅटच्या जंजाळातून सुटायचं हाच तर मूळ हेतू. आणि काही लोकांना तो सापडेचना. सगळ्यांचे लॅपटॉप तपासल्यावर एकच गोष्ट निघाली : त्या दिवसांत काढलेली टिक. फायरवॉल कधीच दुरुस्त झाला होता, पण ‘इंटरनेट हळू वाटलं तर आयपीव्ही६ बंद करा’ हा सल्ला मदत-कक्षाच्या सूचनापत्रात जाऊन बसला होता आणि नव्या लॅपटॉपांवरही पाळला जात होता. विंडोजमध्ये आयपीव्ही६ बंद करू नका, असं खुद्द मायक्रोसॉफ्टचं सांगणं आहे. गरजच पडली तर आयपीव्ही४ ला प्राधान्य देता येतं. टिक सगळीकडे धोरणाने परत लावली आणि सूचनापत्रातली ती ओळ खोडली. मदत-कक्षातल्या त्या मुलाला बाईंनी नेटवर्क विभागात घेतलं. लक्षण नेमकं टिपलं होतं त्याने. फक्त त्याच्यापुढे जायला कोणी शिकवलं नव्हतं.

सध्याची स्थिती

पाहुण्यांचं वाय-फाय आता मुख्यतः आयपीव्ही६ वर चालतं. डीएचसीपीचा १०८ क्रमांकाचा पर्याय, आरएफसी ८९२५, ज्या उपकरणाला कळतो ते स्वतःहून आयपीव्ही४ चा पत्ता नाकारतं. आयपीव्ही४ वरच राहिलेल्या संकेतस्थळांसाठी नॅट६४ दुभाष्याचं काम करतं. अलीकडचे फोन यात बिनतक्रार चालतात. ॲपलने तर १ जून २०१६ पासून ॲप स्टोअरमधल्या ॲपांना फक्त-आयपीव्ही६ नेटवर्कवर चालणं सक्तीचं केलं आहे. ज्यांना तो पर्याय कळत नाही त्यांना पूर्वीसारखाच आयपीव्ही४ मिळतो, भांडण नाही.

हिशेबाचा सर्व्हर दुहेरी नॅटमधून बाहेर आला. दारांची नियंत्रणं, कॅमेरे आणि तो दुसऱ्या संस्थेतला प्रिंटर अजून आयपीव्ही४ वरच आहेत, आणि ते बदलले जाईपर्यंत तसेच राहतील. त्यांच्यासाठी वेगळं उपजाळं ठेवलं आहे. खरेदीच्या अटींत एक ओळ वाढली आहे : उपकरण आयपीव्ही४ पूर्ण बंद ठेवून चालवून दाखवावं. या अटीखाली आलेल्या पहिल्याच कॅमेऱ्याच्या खोक्यावर ‘आयपीव्ही६ सज्ज’ असं छापलेलं होतं. त्याचं नियंत्रण-पान आयपीव्ही६ वर उघडलं, चित्रही आलं. पण घड्याळ लावायला आणि सॉफ्टवेअरचे नवे हप्ते घ्यायला तो फक्त आयपीव्ही४ शोधत होता. तो परत पाठवला.